मागची सीट

लातूर जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं झाली होती, तरी उदगीरच्या पंचायत समितीतल्या निम्म्या कपाटांवर अजून उस्मानाबादचंच नाव होतं. त्या कपाटांच्या सोबतीनं नोकरी करून साहेबराव उन्हाळ्याच्या तोंडाशी निवृत्त झाले. निरोपाला त्यांना एक कोट शिवून मिळाला. पाऊस त्या वर्षीही दगा देऊन गेला होता. गावात टँकर यायचा, आणि टँकर आला की आधी भांडण यायचं.

निवृत्तीच्या वर्षभर आधी साहेबरावांनी दुसरं लग्न केलं होतं. पहिली बायको कोंडाबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. साखरेच्या आजारानं डाव्या पायाची करंगळी काढावी लागली, तेव्हा पट्टी बदलायला ते रोज सरकारी दवाखान्यात जायचे. पट्टी बदलायची ती तारामती नर्सबाई. तीही विधवा, पन्नाशी ओलांडलेली. जखम भरली तरी साहेबराव दवाखान्यात जातच राहिले. शेवटी तीच म्हणाली, "पाय बरा झाला तुमचा. आता कशाला येता, ते एकदा सांगून टाका." विहारात त्रिसरण-पंचशील झालं, दोन हार, चार माणसांना चहा. तारामतीचा मुलगा रामकिशन नांदेडला शाळेत मास्तर होता. तो आला नाही. या वयात आईनं असं करावं, हे त्याला लोकांत सांगता येत नव्हतं.

साहेबराव लग्नानंतरही बायकोला नर्सबाईच म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. तिला ते आवडायचं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंग हलतं राहिलं पाहिजे. पण त्या पायानं लांब चालवत नव्हतं. तारामती उपकेंद्राच्या गावांना वर्षानुवर्षं सायकलवर जात आली होती. ती म्हणाली, "सायकल चालवा की. पायावर भार येत न्हाई."

"मला येत न्हाई," साहेबराव म्हणाले.

तिला आधी थट्टा वाटली. "अख्ख्या तालुक्यात सायकल न येणारा कारकून तुम्ही एकलेच असाल."

"लहानपणी राहून गेलं," ते म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

चौबाऱ्याजवळ मडिवाळप्पाचं सायकलचं दुकान होतं. तारामती आपली सायकल तिथंच दुरुस्तीला टाकायची. त्याच्या दुकानामागे एक लांबलचक सायकल भिंतीला टेकून पडली होती. दोन सीटा, दोन हँडलं, पायडलांचे दोन जोड. उदगीरला आलेली एक सर्कस इथंच मोडली, तेव्हा त्यानं ती घेतली होती. तिचं काय करायचं हे त्याला कधी कळलं नव्हतं. तारामतीनं विचारल्यावर त्यानं ती झटकून बाहेर काढली.

"वैनी पुढं, सायेब मागं," मडिवाळप्पा म्हणाला. "मागच्याचं हँडल फिरत न्हाई, ब्रेक न्हाई. पाय मारायचे अन् पुढच्यावर भरवसा ठेवून गप बसायचं. आमच्या घरात बी असंच चालतंय."

तारामतीला वाटलं होतं, साहेबराव नाही म्हणतील. बाई पुढं आणि पुरुष मागं, असं उदगीरच्या रस्त्यावरून जायचं म्हणजे हसू करून घेणं. पण त्यांनी सायकलच्या दांडीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "कधीपासून सुरू करायचं?"

स्टेशनच्या बाजूच्या माळावर त्यांचं शिकणं सुरू झालं. ऊन चढायच्या आत दोघं यायची. निघताना दोघांचा पाय एकदमच पडावा लागायचा, नाहीतर सायकल जागच्या जागी लवंडायची. तारामती वळायला गेली की साहेबराव भीतीनं उलट्या बाजूला अंग टाकायचे. दोनदा दोघंही बोराट्यांत पडली. तिच्या कोपराची सालपटं निघाली.

"तुम्हाला पुढचं दिसत न्हाई म्हणून भ्या वाटतं," ती म्हणाली. "न्हाई दिसलं तर न्हाई दिसलं. मी वळले की तुम्ही वळा, बस्स."

हळूहळू जमायला लागलं. माळ सोडून दोघं रस्त्यावर आली, मग धान्याच्या मोंढ्यापर्यंत. मोंढ्यातले हमाल पोती टाकून बघायला थांबले, कुणीतरी शिट्टी मारली. तारामतीची मान आखडली, पण साहेबरावांना त्याचं काहीच वाटलं नाही. उलट ते ताठ बसले. इतक्या वर्षांत त्यांना कुणी असं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं.

त्यांची साखर उतरली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते बोलायला लागले. समोरासमोर बसून जे कधी बोलले नव्हते, ते तिच्या पाठीशी बोलायचे. कोंडाबाईच्या शेवटच्या दुखण्यात आपल्याला तिची सेवा करायचा कंटाळा आला होता, हेही त्यांनी एकदा सायकलवरच सांगितलं. तारामतीनं मान वळवली नाही. वळवली असती तर ते थांबले असते, हे तिला कळत होतं.

मग एका संध्याकाळी ते म्हणाले, "येत्या रविवारी कवठाळीला जाऊ."

कवठाळी त्यांचं गाव, देवणीच्या वाटेवर. लग्नापासून त्यांनी त्याचं नाव दोनदासुद्धा घेतलं नव्हतं.

"तिथं कोण हाय तुमचं?"

"आता कुणी न्हाई. बघून येऊ."

तारामतीला बरं वाटलं. माणसाला बायकोला आपलं गाव दाखवावंसं वाटतं, एवढंच तिनं त्यातून घेतलं. रविवारी तिनं ठेवणीतलं अबोली लुगडं नेसलं, पाण्याचा डबा भरून सायकलच्या दांडीला बांधला. साहेबराव बाहेर आले तर अंगात निरोपाचा कोट.

"या उन्हात कोट?"

"असू द्या."

त्यांनी भाकरीही धड खाल्ली नाही. वाट भकास होती. ओढ्यांत वाळू होती, तीही लोकांनी पाण्याच्या झिऱ्यांसाठी उकरून ठेवलेली. एका वळणावर रोजगार हमीचं काम चालू होतं. खडी फोडणाऱ्या बायकांनी हातोडे थांबवले, हसल्या, एकीनं हात केला. तारामतीनंही हँडलवरचा एक हात उचलला. मागून आवाज आला, "चला, थांबू नका."

कवठाळीच्या फाट्यावर रस्ता संपून दगडगोट्यांची गाडीवाट लागली. पुढं वेशीची दगडी कमान दिसत होती.

"इथून उतरून चालत जाऊ," तारामती म्हणाली. "टायर फाटंल."

"उतरायचं न्हाई." साहेबरावांचा आवाज तिला ओळखू येईना. "वेशीतून बसूनच जायचं. सरळ आत, चावडीपर्यंत."

ते मागून इतक्या जोरानं पायडल मारत होते की तिला हँडल आवरेना. सायकल धडधडत वेशीतून आत गेली.

आत कुणी नव्हतं. दोन्ही बाजूंच्या घरांना कुलपं होती. पाणी संपल्यावर गाव उठून गेलं होतं, कुणी निजामाबादकडं, कुणी हमीच्या कामावर. एका ओसरीत कुत्रं पडलं होतं, ते भुंकायलाही उठलं नाही.

"घंटी वाजवा," साहेबराव म्हणाले.

तिनं वाजवली.

"आणखी वाजवा. वाजवतच राहा."

सगळ्या गल्ल्यांतून त्यांनी तिला सायकल फिरवायला लावली. घंटी वाजत होती, बघायला कुणी येत नव्हतं. तारामतीचा हात दुखायला लागला. शेवटी चावडीपुढच्या पारावर एक माणूस दिसला. म्हातारा, उघडाच, धोतर गुडघ्यांवर घेतलेलं. त्यानं आवाजाच्या दिशेनं तोंड वर केलं. दोन्ही डोळ्यांत पांढरे मोतीबिंदू.

"कोण हाय? दवाखान्याचे का?" त्यानं विचारलं. "सून झिऱ्यावर गेली ती आली न्हाई अजून. घोटभर पाणी असंल तर द्या बाबा."

तारामती सवयीनं उतरली. डबा सोडला आणि त्याच्याजवळ गेली. "डोळ्यांनी कधीपासून दिसत न्हाई, काका?"

"नर्सबाई," साहेबराव मागून म्हणाले. "बसा सायकलवर. त्याच्यासमोरून एक चक्कर मारायचीय."

"कशासाठी?"

 साहेबराव पुढं होऊन म्हाताऱ्यापाशी उभे राहिले. "वीरण्णा पाटील ना तुम्ही?"

"हाव. तू कोण?"

"केरबाचा भाऊ. महारवाड्यातला केरबा. हैद्राबादेहून सायकल घेऊन आलता, आठवतं का? बसून वेशीतून आला म्हणून तुम्ही त्याच्या डोक्यावर सायकल दिली अन् गावभर फिरवला. तुमचा बाप पोलीस पाटील होता. त्याच्या कमरेला बांधलेली दोरी तुमच्या हातात होती."

तारामतीनं प्रथमच हे ऐकलं. साहेबरावांना भाऊ होता हेही तिला माहीत नव्हतं.

 म्हाताऱ्याचा चेहरा जरा उजळला, जुनं काही सापडल्यासारखा. "सायकल आठवती," तो म्हणाला. "हिरवी होती. कोरी. लई चांगली सायकल. आमच्याकडं लई वर्सं चालली ती." थोडं थांबून म्हणाला, "माणूस न्हाई आठवत."

साहेबरावांनी तारामतीच्या हातातून डबा घेतला. तिला वाटलं, तेच पाजणार. त्यांनी झाकण काढलं आणि म्हाताऱ्याच्या पायांपुढं सगळं पाणी जमिनीवर ओतलं. सावकाश, आवाज होईल असं. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. त्याचे ओठ हलले. तो पारावरून खाली वाकला आणि त्यानं ओल्या मातीवर हात ठेवला.

 जमिनीनं पाणी लगेच पिऊन टाकलं.

 परतीच्या वाटेवर फाट्याच्या पुढं आल्यावर तारामतीला सायकल जड लागायला लागली. मागचे पाय थंडावले होते. तिनं थांबून पाहिलं तर साहेबराव घामानं निथळत होते, बोलताना जीभ अडखळत होती. उपाशीपोटी एवढे पायडल मारल्यानं साखर घसरली होती. तिनं पिशवीतला गूळ त्यांच्या तोंडात घातला. पाणी नव्हतंच. तिनं त्यांना बाभळीच्या सावलीत बसवलं, आणि सायकल तिथंच टाकून हमीच्या कामापर्यंत चालत गेली. एका बाईनं आपल्या घागरीतलं तांब्याभर दिलं. तुम्ही कुठल्या गावच्या, कोणाच्या, हे त्या बाईनं विचारलं नाही.

ते सावरल्यावर दोघं सायकलवरूनच सावकाश घरी आली. साहेबराव कोट काढून खुंटीला लावत होते, तेव्हा तारामती बोलली.

"पाणी ओतलंत, त्याचा मी न्याय करणार न्हाई. माझी आई विहिरीपाशी रिकामी घागर घेऊन उभी राहायची. कुणी वाढलं तर वाढलं. मला ते माहीत हाय. मलाबी तिथं काय सुचलं असतं, सांगता येत न्हाई."

"मग?"

"मग हे. हँडल माझ्या हातात होतं. मी तुम्हाला नेत होते अन् कुठं नेतेय ते मलाच ठाऊक नव्हतं. तुम्हाला नेणारं कुणी पाहिजे होतं. ती मी मिळाले."

"तसं न्हाई, नर्सबाई."

"सायकल बघून तुम्ही लगेच हो म्हणालात. तेव्हापासून हेच होतं डोक्यात?"

साहेबरावांना खोटं बोलता आलं असतं. ते म्हणाले, "हाव."

दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज देऊन ती एसटीनं नांदेडला मुलाकडं गेली.

मागं साहेबरावांचे दिवस वाईट गेले. जेवणाची वेळ राहिली नाही. एकदा त्यांनी सायकल माळावर नेली आणि एकट्यानंच पुढच्या सीटवर बसून पाहिलं. चार हातही गेले नाहीत. ज्या पायाला करंगळी नव्हती त्याच पायावर सायकल पडली. मडिवाळप्पा गाडा घेऊन आला आणि सायकलसकट त्यांना घरी घेऊन गेला.

"वैनीला आणा जाऊन," तो म्हणाला.

"कशा येतील त्या?"

"ते त्यांना विचारा. मला काय विचारता?"

साहेबराव नांदेडला गेले तेव्हा दार रामकिशननं उघडलं. दोघांची ती पहिली भेट. मुलगा चाळिशीकडं झुकलेला, आईच्याच कपाळाचा. त्यानं आत घेतलं, पाणी दिलं, पण बसा म्हणाला नाही. तारामती आतून आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"मला जे तिथं चावडीपुढं कळलं, ते आता नीट सांगा," ती म्हणाली. "याच्यासमोर सांगा. याला वाटतंय तुम्ही मला मारलं."

साहेबरावांनी सांगितलं. केरबा त्यांच्याहून बराच मोठा. हैद्राबादला गिरणीत कामाला लागला होता. सायकल आणली ती धाकट्या भावाला शिकवायला. धिंड काढली त्याच रात्री तो परत हैद्राबादला निघून गेला, पुन्हा कवठाळीत पाऊल टाकलं नाही. तो कधी मेला हे घरी कळायलाही वर्ष गेलं. आई-बाप त्यानंतरही त्याच गावात राहिले, त्याच पाटलाला जोहार घालत राहिले. साहेबराव शिकले, नोकरीला लागले, छप्पन साली दीक्षा घेतली, भाषणं केली. पण कचेरीच्या बाहेर कुणी सायकलची घंटी वाजवली की त्यांना अजूनही वळून बघवत नव्हतं.

"मला वाटलं, सगळं गाव बघंल," ते म्हणाले. "इतकी वर्सं वाटत होतं. अन् तिथं कुणीच न्हाई. जो होता त्याला दिसंना. अन् त्याला सायकल आठवली."

रामकिशननं तोवर खुर्ची पुढं सरकवली होती. "मीबी पाणी ओतलं असतं," तो म्हणाला.

"ठाऊक हाय मला," तारामती म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण बरंही वाटलेलं नव्हतं. तिनं स्टोव्ह पेटवला आणि तिघांसाठी चहा ठेवला.

रजा संपली तशी ती उदगीरला परत आली. नवऱ्यासाठी आली की नोकरीसाठी, हे तिनं सांगितलं नाही आणि साहेबरावांनी विचारलं नाही. पण येताना एसटीत तिनं त्यांना खिडकीची जागा दिली.

पुढच्या महिन्यात दवाखान्यात मोतीबिंदूचं शिबिर लागलं. गावोगावचे म्हातारे शोधून आणायचं काम नर्सबायांकडं होतं. एका सकाळी तारामती आपली एकटीची सायकल काढत होती.

"कवठाळीला चाललेय," ती म्हणाली. "वीरण्णाला शिबिरात घालणार हाय. तुम्हाला आधी सांगून जातेय."

साहेबरावांच्या कपाळाची शीर उभी राहिली. "दुसरं कुणी न्हाई का जायला?"

"हाय. पण मीच जाणार."

"त्याचं पाप धुऊन देता का?"

"डोळा धुणार हाय. पापाचं मला काय येत न्हाई." तिनं पायडलवर पाय ठेवला. "तुम्ही माफ करावं असं मी म्हणत न्हाई. कधी म्हणणारबी न्हाई. पण मी तो डबा भरून नेला होता पिण्यासाठी. ते माझं राहिलंय."

ती गेली. साहेबराव दिवसभर दारात बसून राहिले, संध्याकाळी ती आल्यावर उठून आत गेले. शिबिराच्या दिवसांत त्यांनी दवाखान्याच्या रस्त्यानं जायचं टाळलं. दोघांत बोलणं होतं ते जेवणाचं, टँकरचं, गोळ्यांचं. एका घरात राहून दोघं आपापल्या बाजूला होती, आणि कुणीच खोटं वागत नव्हतं.

शिबिर उठल्यावर चारेक दिवसांनी जेवताना त्यांनी विचारलं, "दिसायला लागलं त्याला?"

"एका डोळ्यानं. दुसरा राहिला तो राहिलाच."

साहेबरावांनी भाकरीचा तुकडा मोडला, परत ताटात ठेवला. "त्यानं विचारलं का काही? माझं, केरबाचं?"

तारामतीला वाटलं, हो म्हणावं. एवढ्यानं या माणसाची झोप परत येईल. पण तिनं ते केलं नाही.

"न्हाई विचारलं," ती म्हणाली.

 साहेबरावांचे डोळे भरून आले तरी त्यांनी ते लपवले नाहीत, आणि तिनंही दुसरीकडं बघितलं नाही. मग ती उठून त्यांच्या बाजूला येऊन बसली. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"केरबाचं हैद्राबादला कुणी होतं का मागं?" तिनं विचारलं.

"बायको होती, म्हणत होते. एक लेकरू."

"कधी शोधलं न्हाई?"

"न्हाई. काय तोंडानं जायचं?"

"माझ्या तोंडानं जाऊ," तारामती म्हणाली. "रेल्वेनं. पण आधी तुमचा तो पाय दाखवा. पडल्यापासून तुम्ही मला तो बघू दिलेला न्हाई."

साहेबरावांनी पाय पुढं केला. सायकल पडली होती तिथं अजून काळं पडलेलं होतं आणि कडेची चीर भरली नव्हती. तारामतीनं दिवा जवळ घेतला, बोटानं दाबून पाहिलं आणि तिचा चेहरा गंभीर झाला.  गाडी कधी सुटते हे विचारायच्या आधी उद्या डॉक्टरांना गाठायला हवं होतं.